१ नो ट्रम्पवर १६ पॉइंट: ४ नो ट्रम्प की ४ किलवर?

ब्रिजमध्ये भिडूने १ नो ट्रम्प (हुकमाशिवाय खेळायची बोली) बोलून १५ ते १७ पॉइंट दाखवले (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). तुमच्याकडे इस्पिक राजा-राणी, बदाम एक्का-गुलाम, चौकट राजा, किलवर राणी-गुलाम, बाकी बारकी पानं. १६ पॉइंट, ४-३-३-३ (एका रंगाची ४ पानं, बाकी तिन्हींची ३-३). स्लॅम, म्हणजे १३ पैकी १२ हात करायची बोली, लावायची का?

४ किलवर म्हणजे गर्बर, एक्क्यांची चौकशी. त्यावर भिडू ४ नो ट्रम्प बोलतो, म्हणजे ३ एक्के. चारही एक्के आपलेच! पण त्या ३ एक्क्यांसोबत फक्त बदाम राजा असेल तर? वरचे हात मोजा: इस्पिक ३, बदाम २, चौकट २, किलवर १. जेमतेम ८, १२ कुठून आणणार?

इथे प्रश्न पॉइंटांचा आहे. सपाट पानांवर स्लॅमला दोघांचे मिळून ३३ लागतात आणि तुम्ही थेट बोललेलं ४ नो ट्रम्प नेमकं तेच विचारतं: भिडूकडे १५ असतील तर पास, १७ असतील तर ६ नो ट्रम्प. शिवाय ३३ झाले की एकूण ४० पैकी समोरच्यांकडे उरतात ७, म्हणजे दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत.

गर्बर मला आवडतं ते लांब, भरीव रंग हातात असताना. तिथे हात तयार असतात, धास्ती फक्त एक्क्यांची.

मात्र इथलं ४ नो ट्रम्प ब्लॅकवुड (४ नो ट्रम्प बोलून एक्के विचारणं) नाही, हे भिडूशी आधीच ठरवून घ्या.