विमान अजून जमिनीवर, बॅटरी मात्र आठ महिने कामात

आधीच सांगतो, हा हवेतला अनुभव नाही. आम्ही बांधलेलं दोन सीटर विमान भांडुपच्या एका गाळ्यात पंख काढून उभं आहे आणि कागदपत्रं पुरी होईपर्यंत तिथंच राहणार आहे. पायलट अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा सीटर विमान बांधलं तेव्हापासून लोक मला पहिल्यांदा जागेचंच विचारतात. जागा मिळाली हो. आमचं डोकं खाल्लं ते विजेने.

कारण आमचं इंजिन मोटारीचं आहे. विमानाच्या जुन्या इंजिनात मॅग्नेटो असतो, तो आपली ठिणगी आपणच तयार करतो. बॅटरी मेली तरी पंखा फिरत राहतो. आमच्याकडे इग्निशन इलेक्ट्रॉनिक आणि पेट्रोल पंपही विजेवरचा. वीज गेली की इंजिन बंद. म्हणून ऑल्टरनेटर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र) बंद पडल्यावर किमान अर्धा तास काढून देणारी बॅटरी हवी होती. मग लॅमिंग्टन रोडवरून 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची (म्हणजे 1 अँपिअर ओढला तर 20 तास पुरेल अशी) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. (बोइंग 787 विमानांतल्या लिथियम बॅटऱ्या जळल्याची 2013 मधली प्रकरणं आठवून आई घाबरली होती. त्या बॅटऱ्यांचं रसायन वेगळं होतं, हे मी तिला दोनदा समजावलं. तिला पटलेलं नाही.)

वजनाचा फायदा खराच. जुनी 18 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड साडेपाच किलोची, ही अडीच. वाचलेल्या तीन किलोत चार लिटर पेट्रोल बसतं.

चाचणीसाठी गाडीच्या हेडलाइटचे 55 वॅटचे दोन बल्ब लावले, म्हणजे साधारण 9 अँपिअर. नवी असताना बॅटरी 2 तास 10 मिनिटं चालली. आठ महिन्यांनी, एक अख्खा पावसाळा काढून, 2 तास 5 मिनिटं. लेड-ॲसिडने त्याच बल्बांवर जेमतेम सव्वा तास दिला. तिच्यावर छापलेला 18 चा आकडा वीस तास हळूहळू वापरल्यावरचा असतो. जोरात ओढलं की ती आटते. इथपर्यंत पाचपैकी पाच.

आता खोच. लेड-ॲसिड मरताना सांगून मरते. बल्ब पिवळे पडतात, मीटर 12 वरून साडेअकरावर, मग अकरावर येतो. ही बया दीड तास झाला तरी साडेबाराच्या वर ठाम! मी चहा आणायला खाली गेलो, परत आलो तर गाळ्यात अंधार. आतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, कनेक्शन तोडलं होतं. मीटर लावला तर बॅटरी जवळजवळ शून्य दाखवत होती, आणि चार्जर लावेपर्यंत ती जागीच झाली नाही. जमिनीवर यात काही बिघडलं नाही. दोन हजार फुटांवर असतो तर?

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पॅनेलवरचा कमी व्होल्टेजचा लाल दिवा आम्ही लेड-ॲसिडच्या सवयीने 13.0 ला लावला होता. ऑल्टरनेटरचा पट्टा मुद्दाम काढला, दिवा पेटेचना. ऑल्टरनेटर चालू असताना 14.2 असतं, तो गेल्यावर ही बॅटरी हलक्या भारावर 13.1-13.2 धरून बसते. म्हणजे अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं पायलटला पत्ताच नाही. आता दिवा 13.5 ला पेटतो. शिवाय किती अँपिअर-तास गेले ते मोजणारा शंटवाला मीटर बसवला. लिथियम घेणार असाल तर तो त्याच दिवशी घ्या. नुसत्या व्होल्टमीटरवर हिचा भरवसा धरू नका.

विक्रेत्याने 'स्टार्टरलाही चालेल' असं सांगितलं होतं. चालत नाही. बीएमएस 30 अँपिअरचा, स्टार्टर सुरुवातीला शेकड्यात ओढतो; बटण दाबताच सगळं गप्प. स्टार्टरला वेगळी बॅटरी ठेवली. ऑल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडून ते चढलं तरी बीएमएस बॅटरी तोडतो, आणि मग मोकाट सुटलेला ऑल्टरनेटर सगळी इलेक्ट्रॉनिक्स जाळू शकतो. त्यासाठी ऑल्टरनेटरचं फील्डच (ज्या प्रवाहाशिवाय तो वीज बनवू शकत नाही तो) कापणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवला, हा खर्च आधी हिशेबात नव्हता.

टर्मिनलवर पावसाळ्यात हिरवट थर आला. तो घासून व्हॅसलीन लावलं.

शेवटी मांडणी अशी झाली: पॅनेल आणि पंप लिथियमवर, आणि इग्निशनच्या दुसऱ्या वायरीला डायोडमधून (वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या भागातून) 7 अँपिअर-तासांची छोटी लेड-ॲसिड. वाचलेल्या तीन किलोंपैकी दोनाहून जास्त तिनेच परत खाल्ले. माझा मित्र अजून कुरकुरतो, "मग एवढं लिथियमचं कौतुक कशाला?" पण ही बॅटरी तोंड मिटून जाते हे एकदा पाहिल्यावर, मला शेजारी एक कण्हणारी लागते.

परत घेईन का? घेईन, पण मोठ्या बीएमएसची. इंजिन गाळ्याबाहेर बांधून चालवायचं अजून बाकी आहे. थरथराटात सेलचे जोड टिकतात का, ते त्यानंतर लिहितो.