दुखणं थांबवणाऱ्या पुडीपासून सावध राहा

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट जड होतं, आतून ठणकतं. हात खाटेखाली सोडून जोरजोरात झाडला की जरा बरं वाटतं. सकाळचा चहा होईपर्यंत सगळं ओसरतं आणि मग आठ-पंधरा दिवस काहीच नसतं. ज्यांच्या घरात असं दुखणं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या गोव्यात, डिचोलीत, साखळीत, वाळपईकडे शिवणकाम करणाऱ्या, काजूच्या बिया फोडणाऱ्या, खानावळीत रोज नारळ खवणाऱ्या कितीतरी बायका हे दुखणं अंगावर काढतात. अशा बायकांना हेरणारी माणसं आहेत, आणि त्यांना हे दुखणं आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मी ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. गणेश चवथीच्या आधी मशीन रात्री उशिरापर्यंत चालू असतं. हाताचं दुखणं चवथीच्या तोंडावर वाढायचं आणि दिवाळीनंतर निवळायचं, त्यामुळे घरात सगळेच त्याला कामाचा शीण म्हणायचे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अस्तर, दोरे, हुक घेऊन बसने परत येत होते. शेजारी चाळिशीची एक बाई बसली होती, मांडीवर बाजाराची पिशवी. मी हात झाडला तशी ती म्हणाली, "वहिनी, रात्रीपण असंच होतं ना? करंगळी सोडून बाकीच्या बोटांना?" मी चकित झाले, कारण करंगळीचं मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या नणंदेला म्हणे अगदी असंच होतं. घास तोंडात नेता येत नव्हता. बाहेरून एक नसवैद्य येतात, त्यांनी महिन्याभरात बरं केलं. उतरताना तिने माझा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून फोन केला.

तिला करंगळीचं कसं माहीत होतं, ते मला फार पुढे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) कळलं. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की तो तंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग त्याच्या ताब्यात, करंगळी मात्र दुसऱ्या तंतूकडे. म्हणून करंगळी सहसा सुटते. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. "रात्री काय करता?" असं विचारल्यावर रुग्णाने हात झाडून दाखवला, की त्यांना अर्धं निदान तिथेच होतं. डॉक्टरांची तीच खूण त्या बाईलाही ठाऊक होती.

नसवैद्य एका दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत आठवड्यातून एक-दोनदा बसायचा. गोड बोलणं, स्वच्छ पांढरे कपडे, भिंतीला देवादिकांच्या तसबिरी. बाहेर बाकावर चार-पाच माणसं, आणि त्यातली दोघं तरी आपण कसे बरे झालो हे मोठ्याने सांगणारी. त्याने माझं मनगट बोटांनी ठोकलं, थेट मधल्या बोटापर्यंत करंट गेला. मग हात मनगटात वाकवून धरायला लावला. मिनिटभरात मुंग्या आल्या. "नस दबलीय," तो म्हणाला.

त्याचं निदान बरोबर होतं, हे मी मुद्दाम लिहिते. फसवणारा माणूस काहीबाही बरळतो, आपल्याला लगेच ओळखू येतो, असं आपण धरून चालतो. याने जे दाखवलं ते पुढे मोठ्या इस्पितळातही तसंच करून पाहिलं गेलं. विश्वास बसतो तो इथे. त्यानंतर त्याने भीती घातली. "बांबोळीला गेलात तर मनगट चिरतील. शिवण कायमची बंद." शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी भीती कुठली? शिवाय तंबी दिली की पूड चालू असताना रक्त तपासायचं नाही, उष्णता चढते आणि औषधाचा गुण जातो. ही तंबी कशासाठी होती ते पुढे येईलच.

पंधरा दिवसांची पूड सहाशे रुपयांना. तपकिरी रंग, साध्या प्लास्टिकच्या पुड्या, वर काही लिहिलेलं नाही. दोन-तीन दिवसांतच रात्रीचं जागणं थांबलं. किती महिन्यांनी मी सलग झोपले होते! मी स्वतः दोन शेजारणींना त्याचं नाव सांगितलं.

एकदा गुण आला की पुडीचा भाव बदलतो. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, नस उघडली आहे, आता मुळावर काम करायचं, त्यात सुवर्णभस्म घालावं लागेल. पंधरा दिवसांचे अकरा हजार. मग मोत्याचं भस्म, मग आणखी काही. पावती कधीच नाही. पैसे रोख, नाहीतर दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर. मध्ये पैसे नव्हते म्हणून मी पूड थांबवली तर चौथ्या दिवशी हात आधीपेक्षा भयंकर ठणकला, अंग मोडून आलं. फोन केला तर म्हणे, "बघा, रोग बाहेर पडतोय. आता सोडलंत तर हात लुळा पडेल." गृहिणींसाठीच्या सरकारी गृह आधार योजनेचे दरमहा येणारे दीड हजार, भिशीचे पैसे आणि शेवटी सोन्याची एक बांगडी, सगळं त्या खोलीत गेलं. एकूण सत्तर हजारांच्या घरात.

पैशापेक्षा जास्त काय गेलं ते आता सांगते. दुखणं कमी होत होतं, त्याच काळात बोटांची जाण जात होती. टाचणी बोटांतून निसटून पडली तरी कळायचं नाही. हुक लावताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमेना. एकदा सुई बोटात शिरली आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला तेव्हा मला कळलं, दुखलं मुळीच नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत चालला होता. नसवैद्याला दाखवलं तर म्हणाला, सूज उतरली. मला ते पटलंसुद्धा, कारण रात्री दुखत नव्हतं.

इकडे चेहरा गोल झाला. जाऊबाई म्हणाल्या, तब्येत सुधारली. भूक वाढली. दंडांवर कुठेही जरा लागलं की निळे डाग पडायचे.

पंचायतीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं, तिथे नर्सने बोटाला टोचून साखर पाहिली तर २८६. मला कधी मधुमेह नव्हता. तिथली तरुण डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "काकी, कुठली पूड-बीड घेता काय?" मी पिशवीतून पुडी काढून दिली. तिने ती फेकली नाही, मला रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "आज लगेच बंद करू नका. ही घेऊन उद्याच गोमेकॉत जा."

आता हे नीट वाचा, कारण ज्यांच्या घरात अशी पूड या घडीला चालू आहे, त्यांच्या जिवाशी याचा संबंध आहे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा प्रकार देशभरातल्या डॉक्टरांना चांगला परिचयाचा आहे. स्टेरॉइडने बोगद्यातली सूज उतरते, तंतूवरचा दाब काही काळ हलका होतो, म्हणून गुण खरोखर येतो. पण बाहेरून ते रोज मिळत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, बनवणं बंद करतात. मग पूड एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. माझं सकाळचं कॉर्टिसोल तपासलं तेव्हा ते फारच खाली आलेलं होतं. मला मोजून गोळ्या देऊन हळूहळू उतरवत आणावं लागलं. गोल चेहरा, निळे डाग, वाढलेली साखर हेही स्टेरॉइडचेच परिणाम. रक्त तपासू नका असं तो का म्हणत होता, याचं उत्तर त्या कागदावर होतं.

डॉक्टरही या आजारात स्टेरॉइड वापरतात. मनगटात एक इंजेक्शन, मोजून दिलेलं, साखर पाहून, आणि काय दिलं ते कागदावर लिहून. त्याआधी बहुतेकदा रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात. तो काही शे रुपयांत मिळतो आणि सुरुवातीच्या दुखण्यात कित्येकांना तेवढाच पुरतो. हे ऐकलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

तंतूतून विजेचा प्रवाह किती वेगाने जातो हे पाहणारी चाचणी असते, नर्व्ह कंडक्शन स्टडी. माझ्या उजव्या हातात दाब तीव्र निघाला. रक्तात थायरॉइडही कमी निघालं. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, गरोदरपण, संधिवात, मनगटाचं सततचं काम, यांतल्या कशानेही हा बोगदा आवळला जातो आणि पुरुषांपेक्षा बायकांना हे जास्त होतं. थायरॉइडची तपासणी सुरुवातीलाच झाली असती तर गोळी तेव्हाच सुरू झाली असती. मधल्या सगळ्या महिन्यांत तंतू दाबाखालीच राहिला, फक्त त्याची ओरड बंद केलेली होती.

शस्त्रक्रिया झाली. हातापुरतीच भूल, तो जाड पट्टा कापून बोगदा मोकळा केला आणि त्याच दिवशी घरी सोडलं. ज्याच्या नावाने मला घाबरवलं होतं ते एवढंसं होतं. रात्रीच्या मुंग्या गेल्या. तर्जनीची जाण थोडी थोडी परत येते आहे. अंगठ्याचा उंचवटा मात्र भरला नाही, आणि तो पूर्ण भरेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. कात्री धरताना अजून दमते. काजाचं काम मी आता शेजारच्या मुलीला देते.

आयुर्वेदाबद्दल माझ्या मनात अढी नाही. माझे आजोबा काढे देत आणि पैसे घेत नसत. आयुर्वेदच हवा असेल तर पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान २०२२ पासून आहे, गावोगावी शिकलेले वैद्य आहेत. त्यांना नोंदणी क्रमांक असतो, तो विचारला की ते सांगतात. तयार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि घटक छापलेले असतात. कोऱ्या पुडीत काय आहे हे वैद्य लिहून द्यायला तयार नसेल, तर तिथून उठून या. खोलीबाहेर वाटायला ठेवलेल्या पत्रकावर "नसांचा कोणताही विकार मुळापासून बरा, हमखास" असं छापलेलं होतं. मज्जासंस्थेच्या विकारांवर अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. ते पत्रक माझ्याकडे होतं म्हणून तक्रारीला जोडता आलं. तुम्हीही असा कागद टाकून देऊ नका.

बरी होऊन मी पुतण्याला घेऊन गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. दुकानवाल्याला त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. बसमधल्या बाईचा फोन बंद. पोलिस ठाण्यात तक्रार दिली आहे. उरलेल्या दोन पुड्या आणि पत्रक अन्न व औषध प्रशासनाकडे दिलं, त्याची पोच घेतली. ज्या खात्यांवर पैसे गेले त्यांचे तपशील पुतण्याने मोबाइलमधून काढून जोडले. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. मी फार उशिरा केला, पण जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आमच्याकडून तो गेला म्हणजे दुसऱ्या तालुक्यात बसला असेल, दुसऱ्या नावाने. मध्यम उंची, पन्नाशीच्या आसपास, बोलताना वारंवार "नस उघडली" म्हणणारा, आणि रुग्ण आणणारी एक बाई, जी बसमध्ये किंवा बाजारात आधी तुमच्या हाताकडे बघते. केपे, सांगे, काणकोण, फोंडा, कुठेही कुणी त्याला पैसे दिले असतील तर आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि डिचोलीतही अशीच तक्रार झालेली आहे हे त्यात लिहा. माझ्या दोन शेजारणींपैकी एकीने दिली आहे. दुसरी नवऱ्याच्या भीतीने अजून तयार नाही, तिच्याशी मी बोलते आहे.