घरात चूल मांडायची तर कुठली: धुरांड्याची की उचलती?

गावाकडे गॅस आला तरी चूल सुटत नाही. भाकरी, आंघोळीचं पाणी, आणि सिलिंडर उशिरा आला की सगळा स्वयंपाकच. नवं घर बांधणाऱ्यासमोर मग दोन पर्याय असतात. एक म्हणजे स्वयंपाकघरात पक्की बांधलेली, धुरांड्याची दोन भांड्यांची चूल. दुसरी बाजारात मिळणारी पत्र्याची किंवा स्टीलची उचलती चूल. दोन्हींना लोक ‘निर्धूर’च म्हणतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

उचलती चूल जळण वाचवते. आतली भट्टी लहान आणि हवा नेमकी, त्यामुळे ज्वाळा थेट भांड्याच्या बुडाला लागते. भारतीय मानक आयएस १३१५२ प्रमाणे अशा चुलीची कार्यक्षमता, म्हणजे जळणातली भांड्यापर्यंत पोचणारी उष्णता, किमान २५ टक्के हवी, पंखा असेल तर ३५. तीन दगडांची चूल जेमतेम दहाच्या आसपास असते. पण हे आकडे प्रयोगशाळेतले, वाळलेल्या, एकसारख्या तुकड्यांवरचे. आपल्याकडे पावसाळ्यात ओलं सरपण, नाहीतर आख्खा ओंडका. तो कोयत्याने बारीक कोण करणार, हे चूल घेण्याआधी ठरवा. शिवाय धूर कमी झाला तरी जो होतो तो खोलीतच राहतो. मोठं पातेलं ठेवून जोरात ढवळलं तर चूल डगमगते, आणि अंग तापलेलं असल्याने रांगत्या मुलाच्या घरात ती जमिनीवर नकोच.

धुरांड्याची चूल नेमकी उलट. पुण्याच्या ‘आरती’ (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेची लक्ष्मी चूल हा तिचा परिचित नमुना: जाळ पहिल्या भांड्याखाली, उरलेली धग वैलावरच्या, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावरच्या, भांड्याखाली, आणि धूर मागच्या पाइपातून छपरावर. जुन्या चूल-वैलाचीच मांडणी, फक्त धुराला वाट दिलेली. लाकूड फार वाचेलच असं नाही. धुरांड्याची ओढ जोरात असली तर उष्णताही पाइपातून निघून जाते. पण धूर बाहेर जातो, आणि चुलीसमोर बसणाऱ्या बाईला तेच हवं असतं.

तरीही १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या अशा कितीतरी चुली पुढे मोडून पडल्या. ओडिशात एस्तेर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी धुरांड्याच्या चुलींचा काही वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा उरला नाही. चुलींची वापरातली काळजी आणि दुरुस्ती टिकली नव्हती. काजळी साचली की ओढ जाते आणि धूर पुन्हा तोंडावर येतो. म्हणून पाइप मोकळा करणारं माणूस घरात नसेल, तर धुरांड्यावर पैसे घालू नका.

बांधणार असाल तर सगळी मेख पाइपात आहे. पीव्हीसी चालत नाही, ते वितळतं. गवंडी बहुधा पाइप सरळ वर नेऊन कौलातून काढतो. तसं केलं तर वासा आणि रीप पाइपाला अगदी खेटून येतात आणि वर्षानुवर्षं तापून कोळसतात. दगडी किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढून बाहेरून वर नेलेला पाइप मला जास्त भरवशाचा वाटतो. वळणापाशी काजळी साचते, म्हणून तिथे झाकण असलेला पाइपाचा तुकडा ठेवावा. उघडून काठीला चिंधी बांधून साफ करता येतं. अमेरिकेत लाकडी शेगड्यांसाठी नियम आहे: उघडा पत्र्याचा पाइप लाकडापासून १८ इंच लांब, आणि धुरांड्याचं तोंड दहा फुटांच्या परिघातल्या छपरापेक्षा दोन फूट वर. आपली चूल त्यांच्या शेगडीइतकी तापत नाही, पण उंचीचं गणित कोकणातल्या वाऱ्यालाही लागू आहे. तोंड आढ्याच्या खाली राहिलं तर वारा धूर परत आत ढकलतो. वर टोपी हवीच, नाहीतर जूनमध्ये पाणी थेट वैलात. माळ्यावरचं सरपण आणि गवत चुलीच्या वर नको, हे सांगायला नको, पण ते असतं.

गवती छपराखाली मात्र धुरांडं नकोच. एक ठिणगीही पुरते. तिथे आणि भाड्याच्या घरात उचलती चूल घ्या, पण उघड्या पडवीत मांडा. दार लावून ती पेटवू नका. निखारे धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला ना वास ना रंग.

पंख्याची चूल जाळ उत्तम देते, पण तिला चार्जिंग लागतं आणि पंखा बिघडला तर दुरुस्तीला तालुक्याला जावं लागतं. केवळ आंघोळीच्या पाण्यासाठी चूल हवी असेल तर बंबच पुरे. तोही अंगणातच, बंद न्हाणीघरात पेटता बंब ठेवून आंघोळ करणं जिवावरचं आहे.