उतरलेली बॅटरी ‘मेली’ म्हणून नेली

जुलैत ऐरोलीत रात्री लाइट गेली आणि आमचा इन्व्हर्टर जेमतेम पाच मिनिटं पंखा फिरवून टीं-टीं करत बंद पडला. आईला दम्यासाठी दिवसातून तीनदा नेब्युलायझर लागतो. त्या काळजीत मी लिफ्टजवळच्या ‘इन्व्हर्टर दुरुस्ती, घरपोच’ या स्टिकरवरच्या नंबरला फोन केला.

सकाळी आलेल्या माणसाने मल्टीमीटरच्या पिना बॅटरीला टेकवल्या आणि आकडा मला दाखवला. ११.२ व्होल्ट. “साहेब, बाराच्या खाली गेली म्हणजे मेली. हिनेच कार्डपण उडवलंय.” कार्ड म्हणजे इन्व्हर्टरच्या आतलं सर्किट. आकडा मी स्वतः पाहिला होता, म्हणून पुढचं सगळं मला खरं वाटलं.

इन्व्हर्टर तो घेऊन गेला, दोन दिवसांनी आणून दिला. कार्डाचे ४,२०० आणि ‘नवीन’ बॅटरीचे ११,०००. जुनी त्याने भंगाराच्या भावाने २,५०० ला धरली. १२,७०० मी यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, व्हॉट्सअॅपवर टाकतो. ते आजपर्यंत आलेलं नाही.

पाचव्या आठवड्यात बॅकअप वीस मिनिटांवर आला. फोन केला की “आज येतो”, मग तेही बंद.

माझा मेहुणा रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. रविवारी तो हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी, घेऊन आला. ‘नवीन’ बॅटरीच्या पाच सेलमध्ये ग्रॅव्हिटी (ती घनता) १.२४ च्या आसपास, सहाव्यात १.१२. एक सेल गेलेला. शिशाच्या खांबांवर, म्हणजे वायर जोडतात त्या टर्मिनलवर, जुन्या क्लॅम्पचे ओरखडे होते, स्टिकर मात्र नवंकोरं. दुसऱ्याची टाकून दिलेली बॅटरी धुऊन-पुसून आम्हाला विकली होती.

मग त्याने इन्व्हर्टर उलटा केला आणि म्हणाला, “दाजी, हा तर कोणी खोललेलाच नाही.” स्क्रूवरचं कंपनीचं सील जसंच्या तसं होतं. ४,२०० रुपयांचं कार्ड बदललं कुठून?

खरा दोष ट्रॉलीच्या मागे पडला होता. प्लसच्या वायरचं जुनं थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी), हिरव्या-पांढऱ्या थराने भरलेलं, आत तारा जवळजवळ तुटलेल्या. अशा जोडातून चार्जिंगचा करंट नीट जात नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहते, आणि लोड आला की त्याच जोडावर व्होल्टेज पडून इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवतो. त्या माणसाला हे पहिल्याच मिनिटाला कळलं असणार, कारण नवं थिंबल त्यानेच बसवलं होतं. आमची बॅटरी फक्त उतरलेली होती. २६ महिन्यांची, वॉरंटी ३६ महिन्यांची. कंपनीला फोन केला असता तरी माणूस आला असता. तो कागद मी कपाटातून काढलासुद्धा नाही, याची टोचणी पैशांपेक्षा जास्त आहे.

म्हणून सांगतो, ११ चा आकडा दाखवून कोणी बॅटरी मेली म्हणालं, तर आधी ती पूर्ण चार्ज करायला लावा. मेन चालू असताना काही तास चार्जिंग होऊनही बॅटरीच्या खांबांवर साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसत नसतील तर दोष आधी चार्जरमध्ये किंवा वायरीत शोधायचा. चार्ज करून काही तास ठेवल्यावर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास राहते. मग दोन पंखे, दोन ट्यूब लावून मीटर बघत बसा. सेल गेला असेल तर आकडा भराभर साडेदहाकडे घसरतो. मेहुण्याने हे सगळं करताना खिडकी उघडी ठेवली, हातातलं कडं काढून ठेवलं. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, त्यामुळे तिथे उदबत्तीसुद्धा नको. आणि जुनी बॅटरी घराबाहेर जाण्याआधी तिच्यावरच्या नंबराचा फोटो काढा. माझ्याकडे तो नाही, त्यामुळे ती माझीच होती हे दाखवायला काही उरलं नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती जोडली. पैसे मिळालेले नाहीत. सेक्रेटरींना सांगून लिफ्टजवळचं स्टिकर काढायला लावलं.

तरी गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच माणसाला बोलावलं होतं, नंबर त्यांच्याकडे आधीचा होता. त्यांनाही ११.४ दाखवून बॅटरी मेल्याचं सांगितलं. मी धावत गेलो आणि बॅटरी हलवू दिली नाही. मेहुण्याने संध्याकाळी थिंबल घासून आवळलं, रात्रभर चार्जिंग लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर लावला तेव्हा १२.७ होते.