परदेशी खेळणाऱ्या आयरिश फुटबॉलपटूंचा माग : अर्ध्याहून अधिक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

आयर्लंडच्या पुरुष फुटबॉल संघाची यादी जाहीर होते तेव्हा तीत डब्लिन, कॉर्क किंवा स्लायगो येथील क्लबांची नावे अपवादानेच आढळतात. संघ आयर्लंडचा असला तरी खेळाडूंचा आठवडा लंडन, ग्लासगो, अल्कमार, रोम, इस्तंबूल किंवा थेट लॉस एंजेलिस येथे जातो. म्हणूनच या संघाचे खरे चित्र आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या मोजक्या दिवसांत दिसत नाही; ते पाहायचे तर वर्षभर निरनिराळ्या देशांतील साखळी स्पर्धांवर नजर ठेवावी लागते. डब्लिनमध्ये राहायला आल्यावर कार्यालयातील सहकाऱ्यांच्या संगतीने मलाही हा नाद लागला. २०२५-२६ च्या हंगामाच्या प्रारंभापासून मी त्यासाठी तीन साधने नियमाने वापरली. पहिले म्हणजे थेट गुणफलक दाखवणारे एक सर्वपरिचित ॲप, दुसरे ट्रान्सफरमार्क्टसारखे खेळाडूंचे करार आणि बाजारमूल्य नोंदवणारे संकेतस्थळ आणि तिसरा मी स्वतः भरलेला एक साधा एक्सेल तक्ता. या तिन्हींचा हा अनुभव आहे.

ॲपपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक लोक तेवढ्यावरच थांबतात. आवडत्या खेळाडूंच्या नावापुढील तारा दाबला की तो सुरुवातीच्या अकरांत आहे की राखीव बाकावर, मैदानात केव्हा उतरला, गोल केला का, पिवळे कार्ड मिळाले का, हे सर्व फोनवर येते. शनिवारी दुपारी एकाच वेळी चालणाऱ्या इंग्लिश सामन्यांसाठी ही सोय उत्तम आहे. संघ जाहीर झाल्याची सूचना सामन्याच्या सुमारे तासभर आधी मिळते आणि माझ्या मते ॲपमधील सर्वांत मोलाची सूचना तीच आहे. गोलाच्या सूचनेचे मात्र दुखणे आहे. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी बुडापेस्टमध्ये हंगेरीविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना मी सामना इंटरनेटवर पाहत होतो. चित्र फोनपेक्षा मागे असल्याने ९६ व्या मिनिटाला ट्रॉय पॅरटने केलेला विजयी गोल मला आधी खिशातल्या थरथरीतून कळला आणि मग पडद्यावर दिसला. आयर्लंडला विश्वचषकाच्या प्लेऑफपर्यंत नेणारा गोल असा समजावा, याची हळहळ अजूनही वाटते. तेव्हापासून स्वतः पाहत असलेल्या सामन्याच्या सूचना मी बंदच ठेवतो.

त्याच गोलाने या ॲपची दुसरी मर्यादाही दाखवून दिली. गोलरक्षक क्वीव्हीन केलेहरने लांबवर चेंडू टाकला, लियम स्केल्सने उंच उडी घेऊन तो डोक्याने गोलासमोर वळवला आणि पॅरटने पाय पुढे घालून तो जाळ्यात ढकलला. एक ब्रेंटफोर्डचा, एक सेल्टिकचा आणि एक एझेड अल्कमारचा, असे परदेशी राबणारे तिघे त्या एका क्षणात एकत्र आले होते. ॲपने पॅरटच्या नावावर गोल आणि स्केल्सच्या नावावर सहाय्य नोंदवले. केलेहरच्या वाट्याला काही आले नाही. नोंदीच्या नियमाप्रमाणे यात चूक नाही. पण खेळाडूचा फॉर्म अशा नोंदींवरून जोखायचा झाला, तर गोलरक्षक आणि बचावपटूंवर अन्याय ठरलेलाच असतो.

सामन्यानंतर दिला जाणारा दहापैकी गुणांक तर मी पूर्णपणे दुर्लक्षित करायला शिकलो आहे. गोल करणाऱ्याला तो भरघोस मिळतो, ज्याच्या गोलावर फटक्यांचा भडिमार झाला त्या गोलरक्षकालाही तो चांगला मिळतो, आणि ज्याने आपली जागा राखून प्रतिस्पर्ध्याला फटका मारण्याची संधीच दिली नाही तो बचावपटू मधल्यामध्ये लटकतो. जेक ओब्रायनचे उदाहरण बोलके आहे. मूळचा मध्य बचावपटू असलेला हा उंचापुरा कॉर्ककर २०२४ च्या उन्हाळ्यात लियोंहून एव्हर्टनला आला आणि प्रशिक्षक शॉन डाइच यांच्या काळात बहुतांशी बाकावर बसून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड मॉइस प्रशिक्षक म्हणून परतल्यानंतर तो नियमित खेळू लागला, पण पुष्कळदा उजव्या बाजूच्या बचावात. तिथे त्याच्याकडून वेगाने पुढे धावण्याची आणि क्रॉस टाकण्याची अपेक्षा केली जाते, आणि ते त्याचे मूळ काम नाही. अशा सामन्यांतला त्याचा मध्यम गुणांक पाहून फॉर्म घसरला असे म्हणणे म्हणजे तबलजीला पेटीवर बसवून त्याच्या बोटांना नावे ठेवण्यासारखे आहे. तो कुठे खेळला, हा रकाना म्हणूनच मी माझ्या तक्त्यात घातला.

केलेहरच्या बाबतीत आणखी एक उणीव जाणवली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याने ब्रेंटफोर्डकडून मँचेस्टर युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसची पेनल्टी अडवली आणि बरोबर दोन आठवड्यांनी, ११ ऑक्टोबरला, लिस्बनमध्ये आयर्लंडकडून क्रिस्तियानो रोनाल्डोची. पोर्तुगालच्या दोन नामांकितांच्या पेनल्ट्या पंधरवड्यात परतवून लावणारा गोलरक्षक कोणत्या फॉर्मात आहे हे वेगळे सांगायला नको. पण ॲपमध्ये क्लबचे सामने एका पानावर आणि देशाचे सामने दुसऱ्या पानावर असल्याने ही सलगता एका दृष्टिक्षेपात दिसतच नाही. (लिस्बनचा तो सामना आयर्लंडने इंज्युरी टाइममधील गोलामुळे १-० असा गमावला, त्यामुळे त्या पेनल्टीचे कौतुकही दुसऱ्या दिवशी फारसे उरले नाही.)

क्लब आणि देश यांच्यातील ही फट सर्वाधिक रुंद दिसली ती एव्हन फर्ग्युसनच्या बाबतीत. ब्रायटनने या आघाडीपटूला २०२५ च्या उन्हाळ्यात लोनवर, म्हणजे करार आपल्याकडेच ठेवून तात्पुरते, रोमाला पाठवले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये रोमाकडून त्याचा एकही गोल झाला नाही आणि ॲपच्या आलेखाकडे पाहिले तर त्याची गाडी पूर्ण थांबल्याचे वाटत होते. त्याच दोन महिन्यांत आयर्लंडकडून त्याने हंगेरीविरुद्ध एक आणि आर्मेनियाविरुद्धच्या दोन सामन्यांत प्रत्येकी एक असे तीन गोल केले. रोमाकडून पहिला गोल क्रेमोनेसेविरुद्ध नोव्हेंबरच्या अखेरीस आला, आणि ११ डिसेंबरला युरोपा लीगमध्ये त्याने ग्लासगोला सेल्टिकविरुद्ध पहिल्या अर्धातच दोन गोल केले. त्या सामन्यातील पहिला गोल स्केल्सचा स्वयंगोल होता. रोमा ३-० ने जिंकली आणि तिन्ही गोल आयरिश खेळाडूंकडून झाले, हा योगायोग माझ्या सहकाऱ्यांना अजिबात गमतीचा वाटला नाही, कारण त्यांतले निम्मे सेल्टिकचे निष्ठावंत आहेत. अशा वेळी फर्ग्युसनला ‘फॉर्मात’ म्हणायचे की नाही? माझ्या तक्त्याने दिलेले उत्तर गोलांपेक्षा मिनिटांत होते. ज्या काळात त्याचे गोल होत नव्हते, त्या काळात तो मैदानात किती उतरत होता आणि सुरुवातीपासून किती वेळा, हे पाहिले की चित्र अधिक शहाणे होते.

या मिनिटांच्या रकान्यावर माझा विश्वास बसला तो पॅरटची जुनी कारकीर्द तक्त्यात भरताना. किशोरवयात टॉटनहॅमला गेलेला हा डब्लिनचा मुलगा मिलवॉल, इप्सविच, एमके डॉन्स आणि प्रेस्टन अशा ठिकाणी लोनवर फिरला. प्रत्येक ठिकाणी बातम्या मोठ्या आणि गोल थोडे. २०२३-२४ मध्ये तो रॉटरडॅमच्या एक्सेलसिओरकडे गेला, तिथे त्याला सलग खेळायला मिळाले, गोलही झाले. क्लब मात्र खालच्या श्रेणीत गेला. त्या हंगामाकडे इंग्लंडमध्ये फारसे कोणी पाहिले नसावे. २०२४ च्या उन्हाळ्यात एझेडने त्याला कायमचे घेतले आणि सप्टेंबरमध्ये हेरेनव्हेनविरुद्धच्या ९-१ अशा विजयात एकट्या पॅरटचे चार गोल होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला पोर्तुगालविरुद्ध दोन आणि बुडापेस्टला तीन असे पाच गोल त्याने चार दिवसांत केले, तेव्हा लोकांना हा खेळाडू अचानक उगवल्यासारखे वाटले. मिनिटांचा तक्ता पाहणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नव्हते.

आता ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या क्लब बदलण्याच्या, माहितीकडे वळतो. इथे खरी शिस्त लागते ती सूचना बंद करण्याची. माझ्या ॲपमध्ये अफवा आणि अधिकृत बातमी यांची घंटा एकच आहे, त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस फोन दिवसभर वाजत राहतो आणि ‘चर्चा सुरू’, ‘रस असल्याचे कळते’ अशा मजकुरापलीकडे हाती काही लागत नाही. ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे क्लब बदलण्याच्या ठरावीक मुदतीच्या, शेवटच्या दिवशी १ सप्टेंबर २०२५ रोजी ॲडम आयडा सेल्टिकमधून स्वान्सीला गेला ती बातमी मात्र आयर्लंडची सार्वजनिक प्रसारण संस्था आरटीईच्या क्रीडा विभागात शांतपणे आणि एका परिच्छेदात मिळाली. तेव्हापासून अफवांची घंटा बंद आणि आरटीईचे पान दिवसातून एकदा, अशी माझी रीत ठरली आहे.

बाजारमूल्याच्या संकेतस्थळांविषयी एक गोष्ट नव्या वापरकर्त्याने आधीच लक्षात घ्यावी. ट्रान्सफरमार्क्टवर खेळाडूच्या नावापुढे दिसणारा युरोमधील आकडा हा कोणत्याही क्लबाने मागितलेला भाव नसतो. तेथील सदस्य आपसांत चर्चा करून तो ठरवतात. प्रत्यक्ष व्यवहाराचे आकडे बहुधा ‘जाहीर न केलेले’ असतात आणि जे छापून येतात त्यांतही हाती पडणारी रक्कम आणि पुढील अटींवर मिळणारी रक्कम वेगळी असते. केलेहर जून २०२५ मध्ये लिव्हरपूलहून ब्रेंटफोर्डला गेला तेव्हा सुरुवातीचे साडेबारा दशलक्ष पौंड आणि अटी पूर्ण झाल्यास अठरापर्यंत, अशा बातम्या होत्या. एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन आकडे वाचून गोंधळणे साहजिक आहे. मला या संकेतस्थळाचा खरा उपयोग झाला तो करार कधी संपतो आणि लोनवरील खेळाडूचा मूळ क्लब कोणता, या दोन ओळींसाठी. फर्ग्युसनच्या नावापुढे रोमा दिसते, पण त्याच्याविषयीचा निर्णय ब्रायटनलाही घ्यायचा असतो, हे त्यामुळे विसरले जात नाही.

आयरिश संदर्भात पैशाचा आणखी एक धागा आहे, जो कोणतेही ॲप दाखवत नाही. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फिफाच्या नियमानुसार रकमेचा पाच टक्के हिस्सा त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. डब्लिनच्या एखाद्या लहान क्लबासाठी ही रक्कम वर्षाचे गणित बदलू शकते, आणि म्हणूनच इथले लोक इंग्लंड सोडून गेलेल्या खेळाडूच्या पुढच्या विक्रीतही लक्ष घालतात.

तरुण खेळाडूंचा माग ठेवताना ब्रेक्झिटचा नियम माहीत असणे अनिवार्य आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूंना देश बदलून क्लबात नोंदणी करण्यास फिफाची सामान्यतः मनाई आहे; युरोपीय संघात सोळाव्या वर्षापासून सवलत आहे, पण ब्रिटन बाहेर पडल्याने आयरिश मुलांना ती इंग्लंडसाठी लागू होत नाही. परिणामी केव्हिन झेफी इटलीतील इंटरला गेला, कॅथल हेफरनन तिथल्याच एसी मिलानला, जेडन उमे पोर्तुगालच्या बेनफिकाला. मेसन मेलियाचा सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिककडून टॉटनहॅमशी करार फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, लीग ऑफ आयर्लंडच्या क्लबासाठी त्या वेळी विक्रमी रकमेला, पण प्रत्यक्ष प्रस्थान जानेवारी २०२६ चे ठरले. ॲपचा इथे पुरता गोंधळ उडतो. आयर्लंडची लीग फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालते, इंग्लंडची ऑगस्ट ते मे. त्यामुळे ‘या हंगामातील कामगिरी’ दाबले की मेलियाचे सगळे गोल एका पानावर आणि नवा क्लब कोऱ्या पानावर. लॉस एंजेलिस एफसीकडे लोनवर गेलेल्या अँड्र्यू मोरनचीही तीच गत, कारण अमेरिकेची लीगही कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालते. माझ्या तक्त्यात हंगामाऐवजी महिने आहेत आणि तेवढ्याने हा प्रश्न सुटला.

राष्ट्रध्वजाच्या गाळणीवरही अवलंबून राहू नये. मायकी जॉन्स्टन ग्लासगोचा, फिन अझाझ लंडनचा. दोघेही आयर्लंडकडून खेळतात. उलट डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळून २०१९ मध्ये इंग्लंडकडे गेला. ध्वज पाहून यादी केली तर माणसे सुटतात, म्हणून राष्ट्रीय संघाच्या जाहीर याद्यांवरूनच नावे घ्यावीत.

महिला खेळाडूंच्या बाबतीत माझा अनुभव सर्वांत निराशाजनक आहे. केटी मॅककेब मे २०२५ मध्ये आर्सेनलकडून चॅम्पियन्स लीग जिंकली, २०२३ च्या विश्वचषकात कॅनडाविरुद्ध तिने कॉर्नरवरून थेट गोल केला होता. एवढी मोठी खेळाडू, पण तिची मिनिटे आणि जागा यांची नोंद माझ्या ॲपमध्ये पुरुषांच्या तुलनेत उशिरा आणि अपुरी येते. डेनिस ओसलिव्हनच्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना करेजच्या जुन्या हंगामांचे तपशील मला क्लबाच्या स्वतःच्या पानावरून हाताने भरावे लागले.

जुन्या नोंदी चाळण्याचा एक अनपेक्षित आनंदही आहे. रॉबी कीनच्या क्लबांची यादी वुल्व्हरहॅम्प्टनपासून इंटरपर्यंत आणि पुढे एलए गॅलक्सीमार्गे कोलकात्याच्या एटीकेपर्यंत येते, आणि डॅरेन ओडी २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून खेळला होता हे मला इथेच कळले.

सशुल्क आवृत्ती घ्यावी का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे. जाहिराती जातात आणि काही आलेख वाढतात. पण संघ जाहीर झाल्याची सूचना, मिनिटे आणि कराराची तारीख या तिन्ही गोष्टी विनामूल्य मिळतात. तक्ता भरायला रविवारी रात्री थोडा वेळ लागतो आणि नावे वीसच्या पलीकडे नेली तर तेही कंटाळवाणे होते. माझ्या यादीतून मी दुखापतीमुळे दीर्घकाळ बाहेर असलेली नावे तात्पुरती खाली सरकवतो, आणि ट्रान्सफर विंडो उघडली की फक्त करार वर्षभरात संपणारे व लोनवरील खेळाडू वर आणतो. हालचाल बहुतेक तिथेच होते.