डोंगळ्याला मधपेटी की राखलेला बांध?

निफाड-चांदवडकडे उळ्यासाठी, म्हणजे कांद्याच्या बियाण्यासाठी, डोंगळे (बियाण्याचे कांदे) लावणाऱ्यांचा दरवर्षीचा प्रश्न: परागीकरणाला भाड्याची मधपेटी आणायची की बांधावरची झाडी राखायची? कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे माशी फिरल्याशिवाय गोंडा (फुलांचा गुच्छ) बियांनी नीट भरत नाही. द्राक्षाचं तसं नाही, तिथं माशीवाचून अडत नाही.

भाड्याच्या पेटीचा फायदा उघड आहे: फुलोऱ्याला आणली, काम झालं की परत. पण कांद्याचा मकरंद चिकट आणि पालाशने (पोटॅशियमने) जड. शेजारी मोहरी फुललेली असली तर पेटीतल्या माश्या खुशाल तिकडे जातात. भाडं मात्र आपणच भरायचं!

बांधाचं गणित सावकाश चालतं. आमच्या बांधावर करंज, बोर, शेवगा नि खाली एकदांडी आहे. सकाळी नऊच्या सुमारास गोंड्यावर फुलोरी माशी बसते, पाय पिवळे करून उठते. पलीकडच्या वाळल्या बांबूत काळा भुंगा भोक पाडून राहतो. काही एकांड्या माश्या तर उघड्या, न नांगरलेल्या मातीतच बीळ करतात. बांध जेसीबीने कोरला, कडेला तणनाशक मारलं, की यांचं घर आणि अन्न एकदमच जातं. लहान माश्या काहीशे मीटरपलीकडे फारशा जात नाहीत, त्यामुळे दूरची झाडी त्यांच्या कामाची नाही.

फवारणीत पेटीतली नि बांधावरची, दोघींचंही मरण. पेटी निदान आदल्या रात्री हलवता येते. बिळातली माशी कुठे हलवणार?

यंदा नड असेल तर पेटी आणा. माझा कौल मात्र बांधालाच, निदान एका बाजूच्या तरी.