सिंगापूर की व्हिएतनाममधलं हनोई?
धाकटी बहीण आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघालीय आणि या दोन शहरांत अडकलीय. खर्चात हनोई सरसकट स्वस्त, हॉटेलपासून कॉफीपर्यंत. चालण्याचं मात्र नीट बघावं. हनोईच्या जुन्या पेठेत फुटपाथ स्कूटरींनी भरलेले. रस्ता ओलांडायचा तर दुचाकींच्या लोंढ्यातून संथपणे, न थांबता पुढे जायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ते जड जातं. सिंगापुरात मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत. जेवणाचंही तेच: लिटिल इंडियात डोसा, थाळी सहज मिळते, हनोईत भाजीतसुद्धा फिश सॉस आहे का, हे विचारावं लागतं. पण १०७० साली स्थापलेलं कन्फ्युशियसचं मंदिर आणि होआन कीएम तळ्याकाठची सकाळ सिंगापूर कुठून आणणार? आईबाबांसोबत सिंगापूरच. मैत्रिणींबरोबर, डिसेंबरात स्वेटर घेऊन, हनोई.